तबकडीशेजारी सीडी : नांदेड व लातूर परिसरातील सार्वजनिक ध्वनिक्षेपणाच्या स्थित्यंतराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ऑगस्ट १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने, १ ऑक्टोबर १९८२ रोजी, जपानमध्ये सोनी कंपनीने सीडीपी-१०१ हा कॉम्पॅक्ट डिस्क वाजविणारा संच विक्रीस आणला. या दोन घटनांचा परस्परांशी कोणताही संबंध नाही. तथापि, पुढील वीस-पंचवीस वर्षांत या दुसऱ्या घटनेचे पडसाद लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या गोदाकाठापर्यंत लग्नमंडपांत, गणेशोत्सवात, जयंत्यांच्या मिरवणुकांत शब्दशः ऐकू आले.

ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचा इतिहास सामान्यतः बदलीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तबकडी गेली, कॅसेट आली. कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, पेनड्राइव्ह आला, अशी ही मांडणी असते. ती सोयीची आहे, परंतु पुरेशी नाही. कोणतेही नवे यंत्र व्यवसायात येते तेव्हा प्रथम ते जुन्या यंत्राच्या शेजारी ठेवले जाते. काही काळ दोन्ही एकाच टेबलावर काम करतात. या सहवासाच्या काळात जुन्या यंत्रावर कमावलेले कौशल्य नव्या यंत्रात उतरते आणि जुना संग्रह उपयोगात राहतो. सहवासाचा हा काळ लाभला नाही तर कौशल्य आणि संग्रह या दोहोंनाही धक्का बसतो.

टर्नटेबलच्या जोडीला सीडी प्लेअर ठेवण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांतील व मुंबईसारख्या महानगरांतील डीजे व्यवसायात रूढ झाली. नांदेड-लातूर परिसरात मात्र सीडी आली तेव्हा तिच्या शेजारी तबकडी नव्हती. ती का नव्हती, तिच्या जागी काय होते आणि या खंडाची किंमत कोणी व कशी मोजली, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

‘डीजे’ हा शब्द मुळात ‘डिस्क जॉकी’ या शब्दांचे संक्षिप्त रूप होय. तबकड्या निवडून, जोडून वाजविणारी व्यक्ती असा त्याचा अर्थ. मराठवाड्यात मात्र या शब्दाचा अर्थ बदलला. ‘वरातीला डीजे सांगितला’ असे म्हटले जाते तेव्हा व्यक्ती अभिप्रेत नसते. वाहनावर रचलेल्या ध्वनिवर्धकांची भिंत, जनित्र आणि प्रकाशयोजना असा संपूर्ण संच अभिप्रेत असतो. पश्चिम महाराष्ट्रात याच संचाला ‘डॉल्बी’ म्हणतात. ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याचे तंत्र शोधणारे रे डॉल्बी (१९३३–२०१३) यांच्या नावाचा या भिंतीशी तांत्रिक संबंध नाही. चित्रपटगृहाच्या फलकावरून हे नाव लोकभाषेत आले आणि रुळले.

व्यक्तीवाचक शब्द यंत्रवाचक व्हावा, ही बाब केवळ भाषिक गंमत नव्हे. ज्या प्रदेशात तबकडी हाताळणारा डीजे लोकांनी पाहिलाच नाही, त्या प्रदेशात ‘डीजे’ म्हणजे यंत्रसंच असाच अर्थ रुजणे स्वाभाविक होते. शब्दाच्या या अर्थांतरातच प्रस्तुत विषयाचे सूत्र दडलेले आहे.

प्रस्तुत लेखाची व्याप्ती नांदेड व लातूर ही शहरे आणि त्यांच्या भोवतीचा ग्रामीण परिसर एवढी आहे. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता. नांदेड मनमाड–हैदराबाद लोहमार्गावर, तर लातूर बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गावर. त्यामुळे यंत्रे आणि सुटे भाग यांसाठी या परिसरापुढे हैदराबादचे कोठी आणि मुंबईचे लॅमिंग्टन रोड अशा दोन बाजारपेठा होत्या.

भोंगा आणि तबकडी

भारतात तबकडीचे व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये तो डमडम येथे हलविण्यात आला. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या चिन्हाच्या तबकड्या येथूनच देशभर जात. मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे वाजे. हातातून निसटली की ती फुटत असे. पुढे ४५ आणि ३३⅓ फेऱ्यांच्या व्हिनाइलच्या तबकड्या आल्या. त्यांपैकी मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक मुद्रण मावू लागले.

घरात ग्रामोफोन असणे ही निजामाच्या काळात व नंतरही काही काळ सधनांची चैन होती. सर्वसामान्य माणसाने तबकडी ऐकली ती लाउडस्पीकरवरून. उंच बांबूला किंवा लिंबाच्या झाडाला बांधलेला भोंगा, खाली टेबलावर ॲम्प्लिफायर, त्याशेजारी तबकडीचे यंत्र, मायक्रोफोन आणि पत्र्याच्या पेटीत उभ्या रचलेल्या तबकड्या, असा हा संच असे. वीज न पोहोचलेल्या गावांत तो बारा व्होल्टच्या बॅटरीवर चाले. अहुजासारख्या भारतीय कंपन्यांचे ॲम्प्लिफायर आणि एचएमव्हीचे ‘फिएस्टा’सारखे सुटसुटीत रेकॉर्ड प्लेअर या काळात परिचित झाले.

लाउडस्पीकरवाल्याचे काम वरवर सोपे वाटे. प्रत्यक्षात त्याला दोन गोष्टींचे भान ठेवावे लागे. एक तांत्रिक : सुई गुळगुळीत झाली तर तबकडीची खाच खरवडते, धूळ बसली तर सुई घसरते, एकाच खाचेत अडकली तर तोच शब्द पुनःपुन्हा गावभर ऐकू जातो. दुसरे सामाजिक : पहाटे भक्तिगीत, हळदीला लोकगीत, वऱ्हाड येताना चित्रपटगीत, अक्षतांच्या वेळी भोंगा बंद करून भटजींच्या हाती माइक, जेवणावळीला पुन्हा गाणी आणि निरोपाच्या वेळी गंभीर सूर, हा क्रम त्याला पाठ असे. आहेराची घोषणा हे त्याचे खास काम. ‘अमुक गावच्या पाहुण्यांकडून इतका आहेर’ असे सांगताना तो गाण्याचा आवाज एका बटनाने खाली घेई आणि घोषणा संपताच पुन्हा वर नेई. दोन ध्वनिस्रोतांमधील ही देवघेव म्हणजे मिश्रणाचे मूलतत्त्व होय. मिक्सर हा शब्द या व्यवसायात येण्यापूर्वीच मिश्रणाची क्रिया येथे नित्याची झालेली होती.

तबकड्यांच्या या पेटीत काय असे, याचाही विचार करावा लागतो. हिंदी चित्रपटगीते, मराठी भावगीते व लावण्या यांच्या जोडीला शाहिरांचे पोवाडे, विठ्ठलगीते आणि भीमगीते यांच्या तबकड्या होत्या. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या आवाजातील भक्तिगीते व भीमगीते ज्या घरांत वाद्यही नव्हते, त्या घरांपर्यंत भोंग्याद्वारे पोहोचली. १९७५ नंतर ‘शोले’ चित्रपटातील संवादांच्या तबकड्याही जत्रांत आणि हॉटेलांत वाजू लागल्या. केवळ संवाद ऐकण्यासाठी माणसे थांबत, ही घटना ध्वनिक्षेपणाच्या इतिहासात लक्षणीय आहे.

या संचाची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. भोंगा हा मानवी आवाजाच्या पट्ट्यासाठी घडविलेला असतो. फार खालचे आणि फार वरचे स्वर त्यातून नीट उमटत नाहीत. त्यामुळे गायकाचा शब्द दूरवर ऐकू येई, पण ढोलकीचा घुमारा अंगावर येत नसे. भोंग्याचे युग हे शब्दांचे युग होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कॅसेटचे मध्यंतर

फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्ये जगापुढे आणली. मराठवाड्यातील बाजारपेठांत ती खऱ्या अर्थाने पसरली ती १९८० च्या दशकात. गुलशन कुमार यांच्या सुपर कॅसेट्सने म्हणजेच टी-सीरिजने आणि त्यापाठोपाठ व्हीनस, टिप्स आदी कंपन्यांनी तबकडीच्या तुलनेत अत्यल्प दरात गाणी उपलब्ध केली. ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) आणि ‘आशिकी’ (१९९०) या चित्रपटांची गाणी प्रामुख्याने कॅसेटवरून खेड्यापाड्यांत गेली. संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील या घडामोडीवर १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हा ग्रंथ लिहिला. एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडून प्रादेशिक संगीताला बाजार मिळाला, हे त्यांचे प्रतिपादन महाराष्ट्रालाही बव्हंशी लागू पडते. मुंबईतील लहानमोठ्या कंपन्यांनी भीमगीते, भारुडे, कीर्तने, लावण्या यांच्या कॅसेट काढल्या. या परिसरात १९७८ पासून १९९४ पर्यंत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे आंदोलन चालले, त्याच काळात कॅसेटही पसरत होती. आंबेडकरी गीतांना या स्वस्त माध्यमाचे मोठे साहाय्य झाले.

या संदर्भात शिंदे घराण्याचे उदाहरण बोलके आहे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तबकडीवर स्थिरावला आणि कॅसेटवर घरोघरी गेला. त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद शिंदे यांची लोकप्रियता कॅसेटच्या काळात वाढली. नातू आदर्श शिंदे यांचा आवाज डिजिटल माध्यमांतून सर्वदूर पोहोचला. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांत ध्वनिवाहक माध्यमाचे तीन टप्पे दिसून येतात.

कॅसेटने लाउडस्पीकरवाल्याचे ओझे हलके केले. पेटीभर तबकड्यांऐवजी पिशवीभर कॅसेट पुरू लागल्या. त्या पडून फुटत नसत आणि हिंदकळण्याने थांबत नसत. मात्र एक गैरसोय झाली. तबकडीवर हवे ते गाणे डोळ्यांना दिसते. दोन गाण्यांमधील रुंद खाच पाहून सुई तेथे ठेवता येते. कॅसेटमध्ये हवे गाणे शोधण्यासाठी फीत पुढे-मागे पळवावी लागते. परिणामी गाणे निवडण्याऐवजी एकदा कॅसेट लावून ती तीस किंवा पंचेचाळीस मिनिटे वाजू देणे ही सवय लागली. वाजविणाऱ्याची निवड ‘भरलेल्या’ कॅसेटमध्ये आधीच होऊन बसली.

‘भरलेली कॅसेट’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. ग्राहकाने गाण्यांची यादी द्यावी आणि दुकानदाराने ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यावी, अशी दुकाने त्या काळात गावोगाव होती. दुकानात टर्नटेबल आणि कॅसेट डेक शेजारी-शेजारी असत. जुने यंत्र मूळ ध्वनी पुरवी, नवे यंत्र त्याची प्रत करी. कायद्याच्या दृष्टीने हा व्यवहार १९५७ च्या स्वामित्व हक्क अधिनियमाचा भंग होता आणि १९८४ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणाच्या चोरीला अधिक कडक शिक्षाही आली. तरीही इतिहासाच्या दृष्टीने हे नोंदविले पाहिजे की, या परिसरात तबकडीचे अखेरचे व्यावसायिक काम मंडपात नव्हे, तर या दुकानांत झाले. कॅसेट भरून झाली की तबकडीची गरज संपे. १९९० च्या दशकात भारतातील तबकड्यांचे उत्पादनही थांबले आणि सुया मिळणे दुरापास्त झाले. घरोघरीच्या व व्यावसायिकांच्या पेट्या अडगळीत किंवा भंगारात गेल्या.

टर्नटेबलशेजारी सीडी प्लेअर : जागतिक अनुभव

याच काळात जगात अन्यत्र काय घडत होते, ते तुलनेसाठी पाहणे उपयुक्त ठरेल. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ पासून कूल हर्क यांनी दोन टर्नटेबलवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावून त्यातील तालाचा तुकडा लांबविण्याची पद्धत रूढ केली. जपानच्या टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये आले. १९७९ च्या त्याच्या सुधारित आवृत्तीत वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी पट्टी होती. दोन गाण्यांची लय जुळवून एकातून दुसऱ्यात खंड न पडता जाणे या पट्टीमुळे सुलभ झाले. थाळीवर बोट ठेवून तबकडी थांबविणे, मागे फिरविणे, अचूक क्षणी सोडणे ही हाताची विद्या बनली.

प्रारंभीचे सीडी प्लेअर या विद्येच्या कामाचे नव्हते. त्यांचा वेग ठरावीक होता, चकती यंत्राच्या पोटात जाई आणि कळ दाबल्यावर गाणे सुरू होण्यास विलंब लागे. हात लावावा असे त्यात काहीच नव्हते. तरीही सीडीचे लाभ उघड होते. बारा सेंटिमीटरच्या चकतीवर ७४ मिनिटांचे संगीत, सुईची झीज नाही, खरखर नाही आणि कोणत्याही गाण्यावर तत्काळ जाण्याची सोय. शिवाय अनेक नवी गाणी केवळ सीडीवरच निघू लागली. म्हणून डीजेंनी टर्नटेबल न काढता त्याशेजारी सीडी प्लेअर ठेवले.

ही जोडणी करताना एक तांत्रिक अडचण सोडवावी लागे. टर्नटेबलच्या चुंबकीय पिकअपमधून मिळणारा विद्युतसंकेत काही मिलिव्होल्ट इतका क्षीण असतो, तर सीडी प्लेअरचा सुमारे दोन व्होल्टपर्यंत जातो. तसेच तबकडी कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले व वरचे स्वर उचललेले असतात. वाजविताना त्याची उलट भरपाई करावी लागते. त्यामुळे टर्नटेबल मिक्सरच्या ‘फोनो’ जोडाला आणि सीडी प्लेअर ‘लाइन’ जोडाला लावावा लागतो. अदलाबदल झाल्यास सीडीचा आवाज फाटतो आणि तबकडीचा आवाज क्षीण व पोकळ येतो. एकाच वाहिनीवर फोनो व लाइन यांत अदलाबदल करणारी कळ देणारे मिक्सर याच गरजेतून प्रचलित झाले.

पुढे सीडी प्लेअरनेच टर्नटेबलचे गुण आत्मसात केले. पायोनिअर कंपनीच्या १९९४ च्या सीडीजे-५०० मध्ये वरून चकती घालण्याची सोय, हाताने फिरविण्याची तबकडीसदृश चकती आणि सूर न बदलता लय बदलण्याची योजना होती. २००१ च्या सीडीजे-१००० मध्ये ती चकती मोठी झाली आणि टर्नटेबलवरील हाताची क्रिया सीडीवर करता येऊ लागली. जुन्या यंत्राच्या सान्निध्यात राहून नवे यंत्र त्याची रीत शिकले, असा हा क्रम आहे. या सहवासामुळे तबकड्यांचे संग्रहही जतन झाले. एसएल-१२०० चे उत्पादन २०१० मध्ये थांबले, परंतु मागणीमुळे २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. उलट २०२० मध्ये आलेल्या सीडीजे-३००० या यंत्रात सीडी घालण्याची सोयच उरली नाही. पाहुणा म्हणून आलेली सीडी निघून गेली आणि यजमान तबकडी टिकली, हा इतिहासाचा विरोधाभास म्हणावा लागेल.

नांदेड-लातूरमधील सीडी : जोडणी कशाशी?

या पार्श्वभूमीवर नांदेड-लातूर परिसरातील चित्र निराळे दिसते. भारतात ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी पूर्णतः उठले. तत्पूर्वी विदेशी सीडी प्लेअर ही महानगरातील विशिष्ट दुकानांतून मिळणारी महागडी वस्तू होती. डीजेसाठी घडविलेले सीडी प्लेअर तर त्याहून दुर्मीळ. निमशहरी बाजारात सीडी आली ती व्हीसीडी प्लेअरच्या रूपाने. चित्रपट पाहण्यासाठी घेतलेले हे स्वस्त यंत्र गाण्यांची सीडीही वाजवी आणि पुढे एमपी-३ सीडीही वाजवू लागले. शंभर-दीडशे गाणी मावणारी एकच चकती कॅसेटच्या पिशवीला पुरून उरली.

हे यंत्र जोडण्यासाठी ॲम्प्लिफायरच्या मागील सहायक जोड वापरला जाई. त्याच जोडाला पूर्वी कॅसेट डेक लावलेला असे. म्हणजे सीडीला शेजार मिळाला तो कॅसेट डेकचा. टर्नटेबल तेथून दहा-बारा वर्षांपूर्वीच उठून गेलेले होते. कॅसेट डेक आणि व्हीसीडी प्लेअर ही दोन्ही यंत्रे वेग बदलू देत नव्हती, हाताला प्रतिसाद देत नव्हती. त्यामुळे दोन गाण्यांची लय जुळविणे हा प्रकार येथील टेबलावर रुजला नाही. तो तयार स्वरूपात, रीमिक्स सीडीच्या रूपाने, बाहेरून आला. १९९० च्या दशकातील बल्ली सागू यांच्या ध्वनिफितींनी सुरू झालेली आणि २००२ च्या ‘काँटा लगा’ने कळसाला पोहोचलेली रीमिक्सची लाट याच काळातील होय. लय जुळविण्याचे काम मुंबईच्या स्टुडिओत झाले. नांदेडच्या टेबलावर कळ दाबण्याचे काम उरले.

सीडीचा आणखी एक परिणाम दूरगामी ठरला. तिच्यात मुद्रित असलेले खालचे स्वर जुन्या भोंग्यातून उमटत नव्हते. सीडी आली आणि भोंगा तोच राहिला, तर श्रोत्याला फरक जाणवत नसे. म्हणून स्रोत बदलताच ध्वनिवर्धकही बदलले. लाकडी खोक्यांतील पंधरा-अठरा इंची ‘बेस’, अधिक शक्तीचे ॲम्प्लिफायर आणि ते चालविण्यासाठी जनित्र अशी साखळी तयार झाली. वीज-भारनियमनाच्या त्या वर्षांत जनित्र तसेही अपरिहार्य होते. एका लहानशा चकतीने व्यवसायाचे भांडवल अनेक पटींनी वाढविले. टेबल, भोंगा आणि सायकल एवढ्यावर चालणारा धंदा कर्ज, ट्रक आणि मजूर यांवर उभा राहिला. मिळकतीचा मोठा भाग लग्नसराई आणि सणांच्या मोजक्या दिवसांवर अवलंबून असल्याने या कर्जाची जोखीमही लहान व्यावसायिकाच्याच माथी आली.

स्थिर मंडप आणि चालती मिरवणूक

तबकडी व सीडी यांची जोडी येथे न जमण्यामागे आणखी एक कारण आहे. ते कार्यक्रमाच्या स्वरूपात सापडते. डीजेचे टर्नटेबल नृत्यगृहात स्थिर असते. तेथेही मोठ्या ध्वनिवर्धकांच्या कंपनाने सुई थरथरते, म्हणून ते जड पायावर ठेवतात. मराठवाड्यातील सार्वजनिक नृत्याची जागा मात्र नृत्यगृह नसून रस्ता आहे. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, शिवजयंती, १ ऑगस्टची अण्णा भाऊ साठे जयंती, लातूर भागातील बसव जयंती, गणेश विसर्जन आणि लग्नाची वरात हे सर्व चालते सोहळे आहेत. खड्ड्यांतून जाणाऱ्या वाहनावर सुई खाचेत राहणे शक्य नव्हते. म्हणून तबकडीचे राज्य मंडपापुरते आणि जत्रेतील पालांपुरते मर्यादित राहिले. मिरवणूक हलगी, लेझीम, ढोल-ताशा आणि बँड यांचीच राहिली.

कॅसेट चालत्या वाहनावर वाजू शके, परंतु भोंग्यातून नाचण्याजोगा ताल मिळत नसे. सीडीचे किरणही धक्क्याने चुकत, चकती अडखळे. यंत्रातील स्मृतिकोशात काही सेकंदांचे संगीत आधीच साठविण्याच्या सोयीने ही अडचण कमी केली आणि पुढे लॅपटॉप व पेनड्राइव्ह यांनी ती मिटविली. मोठ्या ध्वनिवर्धकांसह यंत्र रस्त्यावर उतरले ते या टप्प्यावर. त्यामुळे मंडपात लाउडस्पीकरवाल्याने लाउडस्पीकरवाल्याचीच जागा घेतली, तर मिरवणुकीत यंत्राने माणसांची जागा घेतली. हलगीवादक आणि बँडपथके यांच्या सुपाऱ्या घटल्या. या वादकांपैकी बहुसंख्य मातंग व अन्य वंचित समाजांतील असल्याने हा प्रश्न तंत्राचा राहत नाही. तो जातिबद्ध व्यवसाय आणि उपजीविका यांचा बनतो. ज्या व्यवसायाशी अवमानही जोडलेला होता, तो सुटणे काहींना मुक्ती वाटली. पर्यायी रोजगार नसताना तो सुटणे ही हानीही होती. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय या स्थित्यंतराचे मूल्यमापन करता येणार नाही.

आवाजाच्या तीव्रतेचा प्रश्नही याच टप्प्यावर ऐरणीवर आला. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये लागू झाले. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकास बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २००५ च्या निकालाने या नियमांना बळ दिले. भोंग्याच्या काळात लाउडस्पीकरवाला पोलिस परवाना खिशात ठेवून निर्धास्त असे. बेसच्या काळात तो दरवर्षी गुन्हा, जप्ती आणि मंडळाचा आग्रह यांच्या कात्रीत सापडू लागला.

काय टिकले, काय हरवले

स्थित्यंतराचा हिशेब मांडताना दोन स्तर वेगळे करावे लागतात. लाउडस्पीकरवाल्याचे सामाजिक ज्ञान बव्हंशी टिकले. कोणत्या विधीला कोणते गाणे, जमाव केव्हा थकतो, केव्हा आवाज खाली घ्यावा, कोणत्या वस्तीतून जाताना कोणते गीत लावू नये, हे ज्ञान टेबलावर काम करणाऱ्या उमेदवाराने उस्तादाकडून उचलले. यंत्र बदलले तरी ते हस्तांतरित झाले, कारण ते माणसांच्या सहवासातून जात होते.

हाताचे कौशल्य आणि संग्रह मात्र हरवले, कारण त्यांना यंत्रांचा सहवास हवा होता. तबकडी आणि सीडी एका टेबलावर आली असती, तर जुन्या तबकड्यांतील गाणी नव्या माध्यमावर उतरवून घेण्याची संधी तेथेच मिळाली असती. प्रत्यक्षात त्या गाण्यांची प्रत झाली ती कॅसेटवर. कॅसेटची फीत उष्णता, ओल आणि वापर यांनी खराब होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या कॅसेटची अवस्था सांगावयास नको. चित्रपटगीते कंपन्यांच्या मूळ मुद्रणांतून सीडीवर पुन्हा निघाली. बाजारमूल्य कमी असलेली शाहिरी, भीमगीते, कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब, स्थानिक कीर्तनकारांचे खासगी मुद्रण यांना ही संधी क्वचितच मिळाली. तबकडी भंगारात, कॅसेट कचऱ्यात आणि सीडीवर नोंद नाही, अशी तिहेरी हानी मुख्यतः याच संगीताची झाली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवींची गीते लोकांच्या कंठात राहिल्याने वाचली. ज्यांना असा कंठ लाभला नाही, त्यांच्याबाबत ध्वनिमुद्रण हाच एकमेव पुरावा होता.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, नांदेड-लातूर परिसरात टर्नटेबलच्या जोडीला सीडी प्लेअर येण्याची प्रक्रिया मंडपात घडली नाही. त्या दोहोंमध्ये कॅसेटची सुमारे दीड दशके उभी राहिली. जुने-नवे यंत्र शेजारी ठेवण्याचा येथील खरा प्रयोग गाणी भरून देणाऱ्या दुकानांत, टर्नटेबल आणि कॅसेट डेक यांच्यात झाला. दुसरा, रस्त्यावरील चालता सोहळा हे येथील सार्वजनिक नृत्याचे मुख्य रूप असल्याने तबकडीला तेथे वाव नव्हता आणि सीडीनंतरच्या यंत्रांनी तेथे थेट वादकांना विस्थापित केले. तिसरा, खंडित स्थित्यंतरात सर्वांत आधी हरवते ते दुर्बल समूहांचे ध्वनिधन.

यातून उद्भवणारे कर्तव्यही स्पष्ट आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेले नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व संगीत विभाग यांनी या परिसरातील उरलेल्या तबकड्या व कॅसेट यांची गावनिहाय नोंद करणे, वृद्ध लाउडस्पीकर व्यावसायिक व हलगीवादक यांची मौखिक निवेदने ध्वनिमुद्रित करणे शक्य आहे. त्यासाठी लागणारी साधने मोजकी आहेत : एक सुस्थितीतील टर्नटेबल, एक कॅसेट डेक, योग्य जोड असलेला मिक्सर आणि एक संगणक. जी यंत्रे मंडपाच्या टेबलावर कधी एकत्र आली नाहीत, ती महाविद्यालयाच्या टेबलावर आजही एकत्र ठेवता येतील. फितीवरील चुंबकीय लेप झडण्यापूर्वी आणि तो काळ पाहिलेली माणसे निघून जाण्यापूर्वी हे काम होणे अगत्याचे आहे.